तक्रार : वायरलेस कंट्रोलरच्या पेटीत दुसऱ्याच कंट्रोलरचा डोंगल

रामबाग, इंदूर
दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सहापैकी तीन कंट्रोलर आपापल्या डोंगलशी न जुळणे, चार्जिंग आणि केबलमधील दोष, आणि तीन तक्रारींना मिळालेले चुकीचे उत्तर

महोदय,

आपल्या संकेतस्थळावर मराठीतून मदत मिळेल असे लिहिले आहे, म्हणून हे पत्र मराठीत लिहीत आहोत.

आमच्या मंडळाच्या मुलांच्या खोलीसाठी २९ जुलैला आपल्याच संकेतस्थळावरून व्हिडिओ गेम खेळायचे सहा वायरलेस कंट्रोलर मागवले. एका नगाचे २,४९९ प्रमाणे १४,९९४ रुपये भरले. माल २ ऑगस्टला मिळाला. आम्ही पेट्यांना १ ते ६ क्रमांक दिले. प्रत्येक पेटीत कंट्रोलरसोबत एक डोंगल, म्हणजे संगणकाच्या यूएसबी पोर्टमध्ये लावायचा छोटा रिसीव्हर, असतो. त्यांपैकी २, ३ आणि ५ हे कंट्रोलर आपापल्या पेटीतल्या डोंगलवर जोडले जात नाहीत. ४, ८ आणि १३ ऑगस्टला तक्रार नोंदवली आणि तिन्ही वेळा एकच उत्तर आले : वाय-फायचा अडथळा असेल, राउटर बंद करून पाहा, नाहीतर कंट्रोलर स्वखर्चाने मुंबईच्या सेवा केंद्रात पाठवा.

हे निदान चूक आहे. दोष आम्हाला सापडला आहे आणि तो पेट्या भरताना झालेला आहे. मंडळातले दोघे जण जेल रोडवर इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचे काम करतात. खालच्या सगळ्या चाचण्या त्यांनी कंट्रोलर न उघडता केल्या आहेत. वॉरंटीचे स्टिकर सहाही नगांवर शाबूत आहे.

आधी वाय-फायबद्दल. ब्लूटूथ, आपला डोंगल आणि राउटरचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा, सगळे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ याच हद्दीत चालतात, हे खरे. तिथे गर्दी झाली की कंट्रोलर अडखळतो. बटण उशिरा लागते, खेळाडू एकाच दिशेला धावत सुटतो, चार पावले मागे गेले की जोडणी तुटते. पण डोंगलपासून वीतभर अंतरावर धरलेला कंट्रोलर एकदाही जोडला न जाणे हे अडथळ्याचे लक्षण नाही. तरीही खातरजमा केली. राउटर बंद ठेवला, खोलीतले फोन विमान मोडवर टाकले. डोंगल मागच्या निळ्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये होता, तो काढून एक मीटरच्या एक्स्टेन्शन केबलने काळ्या यूएसबी २.० पोर्टला लावला. यूएसबी ३.० च्या पोर्टमधून आणि केबलमधून याच पट्ट्यात रेडिओ लहरींचा गोंगाट बाहेर पडतो, हे इंटेलने २०१२ मध्येच प्रसिद्ध केले आहे. ग्राहकाला राउटर बंद करायला सांगण्याआधी डोंगल अशा पोर्टपासून दूर न्यायला सांगावे, असे आमचे मत आहे. आपल्या पुस्तिकेत त्याचा उल्लेखही नाही.

एवढे करून २, ३ आणि ५ मध्ये काही फरक पडला नाही. उलट १, ४ आणि ६ हे राउटर चालू असताना, त्याच निळ्या पोर्टवरून, खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत नीट चालत होते. एकाच खोलीत तीन चालतात आणि तीन चालत नाहीत, तर दोष खोलीतल्या हवेत असू शकत नाही.

मग संगणक तपासला. विंडोज ११ च्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये सहाही डोंगल ओळखले जातात, पिवळे चिन्ह कुठेही नाही. नोंद काढून टाकून, संगणक पुन्हा सुरू करूनही तेच. वीज वाचवण्यासाठी यूएसबी पोर्ट बंद करण्याची मुभा काढली, तरी तेच. नंतर चांगल्या डेटा केबलने सहाही कंट्रोलर एकेक करून जोडले आणि रनमध्ये जॉय डॉट सीपीएल देऊन उघडणाऱ्या खिडकीत तपासले. सगळी बटणे, दोन्ही स्टिक, दोन्ही ट्रिगर व्यवस्थित. म्हणजे कंट्रोलर धडधाकट आणि डोंगलही धडधाकट, फक्त दोघांची गाठ पडत नव्हती.

खरी खूण दिव्यांनी दिली. डोंगल मोडमध्ये हे तीन कंट्रोलर चालू केले की चारही दिवे संथ लुकलुकतात आणि ६० सेकंदांनी विझतात. आपल्या पुस्तिकेप्रमाणे भराभर लुकलुकणे म्हणजे नव्या जोडणीची तयारी आणि संथ लुकलुकणे म्हणजे आधी जोडलेल्या डोंगलचा शोध. कोऱ्या पेटीतून काढलेला कंट्रोलर शोधतो आहे कुणाला? त्याच पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर लिहिले आहे की डोंगल कारखान्यातच जोडलेला आहे, वेगळी जोडणी करावी लागत नाही. मग समोर लावलेला डोंगल त्याच्या ओळखीचा नाही, एवढाच अर्थ उरतो.

म्हणून अदलाबदल करून पाहिली. चालणाऱ्या तीन जोड्या बाजूला ठेवल्या. उरलेल्या तीन कंट्रोलरवर आणि तीन डोंगलवर चिकटपट्टीने क्रमांक टाकले. एका वेळी एकच डोंगल संगणकाला आणि एकच कंट्रोलर चालू, बाकीचे पूर्ण बंद. ही काळजी घेतली नाही तर कोणता कोणाशी जोडला गेला हे कळतच नाही. डोंगल बदलल्यावर दहा सेकंद थांबून कंट्रोलर चालू केला. निकाल असा : कंट्रोलर २ हा डोंगल ५ वर दोन सेकंदांत जोडला गेला. कंट्रोलर ५ हा डोंगल ३ वर. कंट्रोलर ३ हा डोंगल २ वर. प्रत्येक जोडी दहा वेळा बंद-चालू करून पाहिली, दहाही वेळा जोडणी झाली. बाकीच्या कुठल्याही जोडीत एकदाही झाली नाही. याचे सलग चित्रीकरण पत्रासोबत जोडले आहे, त्यात पेट्यांवरचे अनुक्रमांक वाचता येतात.

तीन डोंगल एकमेकांच्या पेट्यांत गेले आहेत. सहाही पेट्यांचे अनुक्रमांक लागोपाठचे आहेत, म्हणून ही अदलाबदल आमच्याच सहांत मिटली. एकच कंट्रोलर घेणाऱ्याच्या वाट्याला असा चुकलेला डोंगल आला असेल तर त्याला हे कधीच कळणार नाही. तो राउटर बंद करून पाहील, विंडोज नव्याने टाकेल, शेवटी कुरिअरचे पैसे भरून माल परत पाठवेल. आपल्या केंद्रात तो कंट्रोलर तिथल्या केबलवर उत्तम चालेल आणि दोष आढळला नाही असा शेरा घेऊन परत येईल. या तुकडीच्या इतर ग्राहकांची आम्हाला खरोखर काळजी वाटते.

ही चूक पकडण्याची सोयही आपण ठेवलेली नाही. अनुक्रमांक पेटीवर आहे, कंट्रोलरच्या पाठीवर आहे, डोंगलवर नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी पाहिला तर सहाही डोंगलचा एकच. डोंगलला जोडणीचे बटण नाही. कंट्रोलरच्या पाठीवरच्या बारीक भोकात पिन पाच सेकंद दाबली की ब्लूटूथची यादी पुसली जाते, डोंगलचा पत्ता तसाच राहतो. याचा सरळ परिणाम असा की नखाएवढा डोंगल हरवला तर कंट्रोलरचा अर्धा उपयोग संपला, कारण नवा डोंगल त्याला जोडताच येत नाही. डोंगलवर अनुक्रमांकाचे शेवटचे चार आकडे छापले तरी पेटी भरणाऱ्या माणसाला चूक हातातच दिसेल.

ब्लूटूथचीही एक तक्रार आहे, ती छोटी पण रोज नडणारी. पुस्तिकेत होम बटण ३ सेकंद दाबायला सांगितले आहे. तेवढ्याने कंट्रोलर फक्त चालू होतो. जोडणीसाठी होम आणि वाय ही दोन बटणे मिळून ६ सेकंद दाबावी लागतात, ते आम्हाला करून पाहून कळले. शिवाय हा कंट्रोलर एकाच यंत्राची गुप्त किल्ली लक्षात ठेवतो. संगणकाला जोडलेला कंट्रोलर फोनला जोडला की जुनी किल्ली पुसली जाते, पण संगणकाकडे ती राहते. मग विंडोजमध्ये नाव दिसते, जोडणी मात्र होत नाही, आणि ग्राहक पुन्हा पुन्हा कनेक्ट दाबत बसतो. उपाय सोपा आहे : विंडोजच्या ब्लूटूथ यादीतून कंट्रोलर काढून टाकायचा, मग होम आणि वाय दाबून नव्याने जोडायचा. काढून न टाकता नव्याने जोडायला गेले तर बहुतेक वेळा होत नाही. या चार ओळी पुस्तिकेत असत्या तर आपल्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी आल्याच नसत्या, असे दुरुस्तीच्या अनुभवावरून आमचे दोघे सांगतात.

आता चार्जिंग. पेटीवर छापले आहे की कोणत्याही टाइप-सी चार्जरवर चालेल. प्रत्यक्षात दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने सहापैकी एकही कंट्रोलर चार्ज होत नाही. यूएसबी मीटरवर शून्य व्होल्ट. टोक उलटे करून लावले तरी शून्य. एका टोकाला जुने चौकोनी यूएसबी असलेली केबल लावली की ५ व्होल्टवर सुमारे ०.४५ अँपिअर जातो आणि बॅटरी भरते. कारण ठाऊक असलेले आहे. टाइप-सी चार्जर समोर उपकरण आहे याची खात्री झाल्याशिवाय वीज सोडत नाही, आणि ती खात्री उपकरणातल्या सीसी १ आणि सीसी २ या पिनांपासून ग्राउंडपर्यंतच्या ५.१ किलोओहमच्या दोन रोधांनी (रेझिस्टरनी) होते. ब्रेकआउट बोर्ड (पोर्टच्या पिना बाहेरून मोजता येतील अशी छोटी पाटी) लावून बाहेरूनच मल्टिमीटरने मोजले, दोन्ही पिनांवर काहीच मिळाले नाही. एकच रोध नसता तर टोक उलटल्यावर चार्जिंग सुरू झाले असते. दोन्ही बसवलेले नाहीत. दोन रोधांची किंमत काही पैशांत असते, आणि त्यांच्यावाचून पेटीवरचे विधान खोटे ठरते.

सोबतची केबलही फक्त चार्जिंगची आहे, तिच्यात डेटाच्या तारा नाहीत. त्यामुळे ती लावून केबल मोड चालत नाही आणि आपले फर्मवेअर (कंट्रोलरच्या आतले सॉफ्टवेअर) अपडेटचे साधन उपकरण सापडले नाही असे म्हणते. तरी १३ ऑगस्टच्या उत्तरात सोबतच्या केबलने फर्मवेअर अपडेट करा असा सल्ला आपण दिला आहे.

एवढे लिहिण्याचे कारण माल टाकाऊ आहे हे नाही. स्टिक हॉल सेन्सरच्या, म्हणजे न घासता चुंबकावर चालणाऱ्या, आहेत, घासून खराब होणाऱ्या पोटेन्शिओमीटरच्या नाहीत. ट्रिगरची पकड उत्तम आहे. इतक्या चांगल्या यंत्राला ग्राहकाने पेटी भरण्यातल्या चुकीपायी नावे ठेवावीत, याचे वाईट वाटते.

आमच्या मागण्या अशा. डोंगल आणि कंट्रोलर नव्याने जोडण्याची पद्धत किंवा साधन असेल तर ते द्यावे. नसेल तर २, ३ आणि ५ या संचांच्या वॉरंटीत डोंगलची अदलाबदल लेखी नोंदवावी, नाहीतर पुढे दुरुस्तीला पाठवल्यावर पुन्हा चुकीची जोडी आमच्या माथी येईल. टाइप-सीच्या दोषासाठी सहाही नग आपल्या खर्चाने बदलून द्यावेत किंवा पूर्ण रक्कम परत करावी. फक्त केबल देऊन हा विषय मिटवू नये, कारण पेटीवर लिहिलेली सोय आम्हाला मिळालेली नाही. तोपर्यंत वापरण्यासाठी सहा डेटा केबल लगेच पाठवाव्यात. गणेशोत्सव २७ ऑगस्टपासून आहे आणि मुलांची फुटबॉल गेमची स्पर्धा त्यातच ठेवली आहे, म्हणून केबल २५ तारखेपर्यंत मिळाव्यात. आणि या तुकडीच्या सर्व ग्राहकांना डोंगलबद्दल कळवावे, ही विनंती आम्ही मागणीइतक्याच आग्रहाने करतो.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्याच्या आत व्हायला हवे. ४ ऑगस्टच्या तक्रारीचा महिना सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुरा होतो. तोवर निकाल न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करू आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली इंदूरच्या जिल्हा आयोगात जाऊ.

बिलाची प्रत, आपली तिन्ही उत्तरे, पेट्यांची छायाचित्रे आणि मीटरवरच्या आकड्यांची छायाचित्रे सोबत आहेत. आपल्या तंत्रज्ञाला काही विचारायचे असल्यास थेट आमच्या दुरुस्ती करणाऱ्या सभासदांशी बोलू द्यावे. चाचण्या तंत्रज्ञासमोर व्हिडिओ कॉलवर पुन्हा करून दाखवायची आमची तयारी आहे, संध्याकाळी सात ते नऊ.

आपले,
मंडळाचे सभासद
रामबाग, इंदूर