मिलिंद, तुझं नाव ग्रीक आहे

पुणे

प्रिय मिल्या,

सप्रेम नमस्कार.

फोनवर नीट बोलता आलं नाही. मागे कुकरच्या शिट्ट्या, त्यात तुझी घाई. अन्वीला शाळेतून बाबांच्या नावाचा अर्थ लिहून आणायला सांगितलाय आणि तू "मिलिंद म्हणजे भुंगा" म्हणून मोकळा झालास. संस्कृत कोशात तो अर्थ आहे, नाही असं नाही. पण तात्या शिकले मिलिंद महाविद्यालयात. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला काढलेलं कॉलेज, आणि त्याचा परिसर नागसेनवन. तिथे शिकलेला माणूस पोराचं नाव भुंग्यावरून ठेवेल का? त्यांच्या डोक्यात बौद्ध भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा मिलिंद होता. त्या राजाचं घरचं नाव काय होतं आणि ते आणखी कोणाकोणाचं होतं, ते आता सविस्तर सांगतो. चहा घेऊन बस.

ग्रीकात तो मेनांद्रोस. पालीत त्याचा मिलिंद झाला. 'मेनो' म्हणजे थांबणं, जागा न सोडणं, आणि 'आंद्रोस' हा पुरुष या अर्थाच्या शब्दाचा तुकडा. तोच तुकडा अलेक्झांडरच्या शेपटालाही आहे. तो पुरुषांचं रक्षण करणारा, हा जागा न सोडणारा. नाव मुळात रणांगणाला साजेसं. ग्रीक पायदळ खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, आणि प्रत्येकाची ढाल अर्धी शेजाऱ्याच्या अंगावर असायची. एकाने पाय काढला की शेजारचा उघडा पडला.

आता गंमत बघ. इतिहासात नाव राहिलेला एक जुना मेनांद्रोस अथेन्सचा सेनापती होता, आणि तो नावाला अजिबात जागला नाही. इ.स.पू. ४०५ मध्ये अथेन्सचं १८० जहाजांचं आरमार एगोस्पोटामीच्या उघड्या किनाऱ्यावर नांगर टाकून होतं. बंदर नाही, बाजार लांब. हद्दपारीत जवळच राहणारा अथेन्सचाच जुना सेनापती अल्किबियाडिस घोड्यावरून येऊन सांगून गेला की ही जागा धोक्याची आहे, सेस्टोस बंदराला हला. तेव्हा त्याला हाकलणाऱ्यांत तिडेअस आणि मेनांद्रोस पुढे होते. सेनापती आता आम्ही आहोत, तू नाहीस, असं सुनावलं त्यांनी. पाचव्या दिवशी खलाशी जेवणखाण आणायला किनाऱ्यावर पांगलेले असताना स्पार्टाच्या लिसांद्रोसने जवळजवळ सगळी जहाजं ओढून नेली. अथेन्स युद्ध हरलं ते तिथे. जागा सोडायची तेव्हा हा गडी बरा रोवून बसला!

दुसरा नाटककार, आणि तो मला फार आवडतो. त्याचं पूर्ण नाव मेनांद्रोस, दिओपेइथेसचा, केफिसियाचा. स्वतःचं, बापाचं, गावाचं. आपल्याकडे असता तर रेशनकार्डावर 'मेनांद्रोस दिओपेइथेस केफिसियाकर' लागला असता. शंभरावर प्रहसनं लिहिली, स्पर्धेत जिंकला जेमतेम आठ वेळा. बक्षिसं बहुतेकदा फिलेमोन नावाचा दुसरा नाटककार मारून न्यायचा. एकदा रस्त्यात भेटल्यावर याने त्याला विचारलं म्हणे, "खरं सांग, मला हरवताना तुला लाज नाही वाटत?" पुढे फिलेमोन मागे पडला आणि हा रोमपर्यंत वाचला गेला. कुसंगतीने माणूस बिघडतो, हे बायबलात सेंट पॉल करिंथकरांना लिहितो, ते वाक्य याच्या नाटकातलं मानतात. रोमचा सेनापती सीझर रुबिकॉन नदी ओलांडताना फासे टाकण्याचं जे बोलला, ते ग्रीक चरित्रकार प्लुटार्कच्या म्हणण्याप्रमाणे ग्रीकात बोलला, आणि ती ओळही याचीच.

एवढं असून मध्ययुगात याच्या एकाही नाटकाची पोथी उरली नाही. उरली ती दुसऱ्यांनी उद्धृत केलेली सुभाषितं. मग १९०५ मध्ये इजिप्तच्या वाळूतून पपायरसची पानं निघाली, आणि १९५८ मध्ये एक नाटक जवळपास पूर्ण छापून आलं. त्यातला क्नेमोन नावाचा तिरसट म्हातारा सगळ्या जगाला शिव्या देत एकटा राहतो, विहिरीत पडतो, आणि ज्याच्याशी कधी धड बोलला नाही त्या सावत्र मुलानेच त्याला वर काढावं लागतं. तू वाच. तुझे मामा आठवतील.

आता आपला राजा. इ.स.पू. दुसऱ्या शतकाचा मध्य, पंजाब आणि वायव्येकडचा मुलूख, राजधानी सागल, म्हणजे बहुधा आजचं सियालकोट. मागे एका नाणेसंग्राहकाने त्याचा चांदीचा द्रम्म माझ्या तळहातावर ठेवला होता. करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा, वजन जेमतेम अडीच ग्रॅम. एका बाजूला राजाचा चेहरा, केसांना फीत बांधलेली, भोवती ग्रीक अक्षरं: राजा, त्राता, मेनांद्रोस याचं. पालथा केला की वज्र उगारलेली ग्रीक देवी अथीना, आणि भोवती खरोष्ठी, वायव्येकडची जुनी लिपी, उजवीकडून डावीकडे वाचायची: 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. एकाच नाण्यावर दोन लिप्यांत नाव लिहून घेणारा राजा. ही नाणी किती टिकाऊ? तो गेल्यावर दोनशे वर्षांनीही भडोचच्या बाजारात ती चालत होती, असं 'पेरिप्लस' या सागरी प्रवासाच्या जुन्या पुस्तकात एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहून ठेवलंय.

'मिलिंदपञ्ह', म्हणजे या राजाच्या आणि नागसेनाच्या प्रश्नोत्तरांचं पाली पुस्तक, तात्यांच्या कपाटात होतं, पण तू उघडलं नसणार. त्यातला पहिलाच प्रश्न नावाचा आहे. राजा विचारतो, भदंत, आपलं नाव काय? भिक्खू म्हणतो, लोक मला नागसेन म्हणतात, पण हे नुसतं नाव. त्यामागे कुणी पुद्गल, म्हणजे कायमची अशी व्यक्ती, सापडत नाही. राजा चिडतो. मग नागसेन विचारतो, महाराज, पायी आलात की रथातून? रथातून. मग ईषा, म्हणजे रथाची दांडी, हाच रथ का? आस? चाकं? जू? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो आणि शेवटी स्वतःच सांगतो की या सगळ्यांच्या आधाराने 'रथ' हे नाव पडतं. सापडला!

मला मात्र त्याच्या पुढचा तुकडा जास्त मोलाचा वाटतो. नागसेन आधी अट घालतो: पंडितासारखा वाद करणार असाल तर बोलतो, राजासारखा करणार असाल तर नाही. कारण पंडितांच्या वादात कोणी खोडून काढलं तरी राग येत नाही, आणि राजे विरोधात बोलणाऱ्याला शिक्षा देतात. राजा म्हणतो, पंडितासारखं. आणि शब्द पाळतो. कॉलेजला हे नाव का शोभतं ते एवढ्यावरूनच कळावं. माझ्या मते नावाला जागलेला मेनांद्रोस तोच. हरत असताना उठून गेला नाही.

त्याच्या शेवटाबद्दल दोन कथा आहेत. पाली ग्रंथ म्हणतो, मुलाला राज्य देऊन तो भिक्खू झाला, अर्हत म्हणजे मुक्त झाला. प्लुटार्क म्हणतो, छावणीत वारला, आणि त्याच्या रक्षेवरून शहरांत इतकं भांडण झालं की शेवटी समान वाटे करून प्रत्येकाने आपापल्याकडे स्मारक उभारलं. बुद्धाच्या अस्थींच्या वाटपाची कथा आठवते ना? ग्रीक लेखकाने ही गोष्ट सांगितलीय आणि ती इतकी बौद्ध आहे याचं मला कायम नवल वाटतं.

आणि आता तुझ्या गावाचं. नाशकात जन्म गेला तरी पांडवलेण्यांतलं सतरा नंबरचं लेणं तू कधी थांबून पाहिलं नसशील. व्हरांड्यात लेख आहे: उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा योनक, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने मुलगा धम्मरक्षित याच्यासह, आईवडिलांसाठी हे लेणं, आतलं चैत्यघर आणि पाण्याच्या पोढी करवल्या. माणूस स्वतःला योनक, म्हणजे यवन, ग्रीक म्हणवतो, आणि तीन पिढ्यांत एकही ग्रीक नाव नाही. कार्ल्याच्या खांबांवरचे यवन दातेही तसेच, सिंहध्वज काय आणि धर्म काय. त्यांनी आपली नावं घेतली. आणि त्यांचं एक नाव पालीतून फिरून आपल्या शाळांच्या हजेरीपटावर आलं. आपल्या वर्गात तर दोन होते, तू आणि तो कुलकर्ण्यांचा.

दिवाळीनंतर नाशिकला येतोय. पायऱ्या खूप आहेत, तेव्हा उन्हं चढायच्या आत निघू. अन्वीलाही घे, आणि टॉर्च चांगला असू दे; मोबाइलच्या उजेडात ब्राह्मी अक्षरं दिसत नाहीत.

वहिनींना नमस्कार, तात्यांना साष्टांग.

तुझा,
सुधा