चि. वैशूस

वडसा

प्रिय वैशू,

अनेक आशीर्वाद. रविवारी फोनवर बोलणं अर्धवट राहिलं म्हणून लिहायला बसलो. आईनं स्पीकर लावला होता, त्यात आजीचं ‘कोण बोलते, कोण बोलते’ चालू. तिला तुझा आवाज ओळखूच आला नाही. मला आला, पण तो बसलाय हेही पहिल्या वाक्यालाच कळलं. सर्दी आहे म्हणालीस. असेल. त्याबद्दल नंतर लिहितो, आधी आनंदाचं.

तुमच्या नाट्यविभागाच्या यंदाच्या नाटकांची यादी आईनं माझ्याकडून कागदावर लिहून घेतली आणि फ्रीजवर लावली. ‘सौभद्र’, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आणि ‘महानिर्वाण’. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती बोट लावून दाखवते, ही दोन आमच्या वैशूची. सुभद्रा आणि बेणारे! पोरी, अशी दोन कामं एका हंगामात एकीच्याच वाट्याला यावीत, याचा मला किती अभिमान वाटला ते फोनवर सांगता आलं नाही. ज्यांनी ही तीन नाटकं निवडली त्यांनी विचार केलेला दिसतो. १८८२ चं किर्लोस्करांचं गाणं, १९६७ चे तेंडुलकर, १९७४ चे आळेकर. तुम्हा पोरांना तीन वेगळ्या तऱ्हांनी श्वास घ्यायला शिकवणारी नाटकं आहेत ही.

आणि श्वासाचं म्हणतोय ते उगाच नाही. सुभद्रेला पदं, बेणारेला तिसऱ्या अंकातलं ते लांबलचक स्वगत. एक गळ्याची परीक्षा, दुसरी छातीची. दोन्ही प्रयोग एकाच आठवड्यात आहेत असं तू बोलता बोलता सांगून गेलीस, आणि तेव्हापासून माझं लक्ष दुसरीकडं लागत नाही. सकाळी शाळेत परिपाठाला उभा होतो, पोरं प्रार्थना म्हणत होती आणि मी मनात दिवस मोजत होतो. पण ते राहू दे.

तुला मोठ्या काकांचा गाता आवाज माहीत नाही. तुझ्या जन्माच्या आधीच तो गेला. इकडं दिवाळी झाली, धान घरात आलं, की होळीपर्यंत रोज कुठं ना कुठं नाटक. कुठं बैलांच्या शर्यतींचा शंकरपट, कुठं मंडईची जत्रा, आणि रात्री दहा-अकराला पडदा उघडला की उजाडेपर्यंत प्रयोग. काका आज ब्रह्मपुरीकडं, उद्या कुरखेड्याकडं. थंडीत उघड्या जीपमधून यायचे, घोटभर चहा घ्यायचे, दोन तास झोपायचे आणि पुन्हा निघायचे. मी रंगमंचासमोर पेटीवर बसायचो. त्या वर्षी पौषात त्यांचा वरचा षड्ज फाटायला लागला. मी पट्टी उतरवली. पुढच्या आठवड्यात आणखी उतरवली. लोकांना वाटलं, पेटीवाला बदलला. काका म्हणायचे, सर्दी आहे. होळीपर्यंत गायले. नंतर आवाज आला तो घोगरा, तुटका, आणि तसाच राहिला. पुढं त्यांनी कंपनीत तिकिटाची पेटी सांभाळली, ते तुला आठवत असेल. नांदी सुरू झाली की ते नोटा मोजायचे थांबायचे.

हे लिहायचं नव्हतं. तुझी मोठी आई म्हणेल, पोरीला भेडसावतो.

तुझी गोष्ट वेगळी आहे हे मला कळतं. तुला शिकवायला माणसं आहेत, सकाळी आवाजाचा रियाज आहे, खर्ज आहे. काकांना कोणी सांगितलंच नाही की आवाज पोटातून काढायचा, मान ताणून नाही. पण तालमीत रात्री बारा-बारा वाजतात, मग मेसचं जेवण संपलेलं, मग टपरीवरची मिसळ, आणि तशीच आडवी होतेस. वैशू, तिखट खाऊन लगेच झोपलं की आंबट पाणी घशाशी येतं आणि त्यानं स्वररज्जू सुजतात. सारखं खाकरू नकोस, खाकरताना त्या एकमेकींवर आपटतात. घसा बसलाय म्हणून कुजबुजत बोलू नकोस, त्यानं ताण उलट वाढतो. बोलायचंच नाही, वहीवर लिहून दाखवायचं. पाणी दिवसभर थोडं थोडं, प्रयोगाच्या आधी एकदम नाही. आणि घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांच्या वर राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचंच. ते दुर्बिणीनं बघतात, दुखत नाही. सुरुवातीच्या गाठी असल्या तर बहुतेक वेळा विश्रांतीनं आणि आवाजाच्या व्यायामानं बसतात.

बघ, शाळामास्तर जागा झाला. माफ कर. तू लहान नाहीस, हे आईनं मला दोनदा बजावलंय.

बेणारेबद्दल मात्र एक सांगतो, आणि ते घशाचं नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं, नाटकात काय काम आहे पोरीचं? आई क्षणभर अडखळली. मीच सांगितलं, लग्न न झालेली, दिवस गेलेली मास्तरीण आहे आणि चार शहाणे खेळ म्हणून तिच्यावर खटला चालवतात. काकू गप्प झाल्या, मग म्हणाल्या, वैशू करेल नीट. करशीलच. सुलभाताई देशपांड्यांनी उभी केलेली बाई आहे ती. तू तुझी उभी कर. ते स्वगत ओरडून म्हणू नकोस. सगळे थिजलेले असताना ती बोलते. हळू बोललीस तरी शेवटच्या रांगेपर्यंत जाईल.

भाऊराव कोल्हटकर सुभद्रा गाजवत तेव्हा माइक नव्हता, हे तू मला सांगशील. ठाऊक आहे. पण त्यांना त्याच आठवड्यात बेणारे करायची नव्हती.

गुरनोलीच्या परशुराम खुणेंना, आपल्या इकडच्या रंगभूमीवरच्या नटाला, २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा काका रात्रभर जागे होते. सकाळी म्हणाले, आपल्या झाडीपट्टीचं नाव झालं. परवा तुझी यादी बघायला ते मुद्दाम आले. फ्रीजपुढं उभे राहून बराच वेळ वाचत होते. मग मला विचारलं, दोन्ही नाटकांच्या मधे दिवस किती? मी म्हणालो, विचारतो.

तर आता विचार. तुझ्या दिग्दर्शकांना सांगायला लाज वाटायचं कारण नाही. मधे निदान दोन दिवस मोकळे हवेत, आणि ‘सौभद्र’च्या पेटीवाल्याला म्हणावं, पदं अर्ध्या सुरानं उतरव. मूळ पट्टीचा हट्ट कशाला? ‘महानिर्वाण’ला तू प्रकाशयोजनेत आहेस ते बरं झालं, तिथं गप्प बसता येईल.

मामा शनिवारी नागपूरहून पुण्याच्या गाडीत बसतोय. त्याच्याकडं जेष्ठमध, आजीनं केलेले अळशीचे लाडू आणि मफलर दिलाय. मफलर वापर. डॉक्टरांकडं जाऊन आलीस की चिठ्ठीचा फोटो पाठव, फोन करू नकोस, बोलावं लागेल. प्रयोगांच्या तारखा पक्क्या झाल्या की त्याही लिहूनच कळव. मला रजेचा अर्ज टाकायचाय, आणि काकाही येतो म्हणतात.

तुझे,
बाबा