आई, बाबा, ट्रेनिंगचं खरं नव्हतं

प्रिय आई आणि बाबा,

परवा फोनवर बँकेच्या ट्रेनिंगसाठी पुण्याला आलेय असं सांगितलं ते खरं नव्हतं. आई, तू लगेच "स्वेटर घेतलास का गं" विचारलंस आणि मला पुढे बोलताच येईना, म्हणून लिहायला बसले. बाबा, हे तुम्ही आईला वाचून दाखवणार हे माहितीये, तर मधेच चष्मा काढून ठेवू नका, शेवटपर्यंत वाचा आणि मग काय ते बोला.

मी बँकेचा राजीनामा दिलाय, मंजूरही झालाय. फर्ग्युसन रोडवरच्या रानडे इन्स्टिट्यूटला पत्रकारितेच्या एमएला ॲडमिशन घेतलीये. दोन वर्षं, चार सेमिस्टर. मे महिन्यात मैत्रिणीच्या लग्नाला जातेय म्हणून गेले होते ना, तेव्हा एंट्रन्स दिली. म्हणजे दोनदा खोटं बोलले तुमच्याशी. खरी बातमी कशी द्यायची ते शिकायला निघाले आणि घरच्यांनाच खोटं सांगून निघाले, हे मला आठवडाभर टोचतंय. आधी सांगितलं असतं तर तुम्ही अडवलं नसतंत, पण आई जेवली नसती, आणि मग मीच कच खाल्ली असती. म्हणून नाही सांगितलं. चुकलं माझं.

आई, तुझा आवाज मला इथे बसून ऐकू येतोय, "लागलेली नोकरी कोण सोडतंय व्हय?" मला सगळं आठवतंय गं. बँकेच्या आयबीपीएस परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी बाबांनी अख्ख्या एसटी डेपोत पेढे वाटले आणि खाकी शर्टवरच घरी येऊन देवापुढे बसले. ते डोळ्यासमोर यायचं म्हणून तर वर्षभर राजीनामा लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला होता. नोकरी वाईट नव्हती. साहेब चांगले होते, तासगावची माणसं तर सोन्यासारखी, दिवाळीला बेदाण्याचे बॉक्स आणून द्यायची. पण गेल्या वर्षी एका सोमवारी शाखा उघडायच्या आधीच पन्नास-साठ जण दारात. कुणीतरी मेसेज फिरवलेला की आज संध्याकाळपर्यंत बँकेत अंगठा दिला नाही तर पीएम किसानचे दोन हजार कायमचे बंद. सावळजकडून एक म्हातारी आजी नातवाच्या गाडीवर मागे बसून आली होती, अंगात ताप. तसलं काहीच नव्हतं. मी दुपारपर्यंत एकेकाला काउंटरवरून समजावत बसले, आणि एका काकांनी विचारलं, "मग खरं कुठं बघायचं असतंय पोरी?" मला सांगताच आलं नाही. घरी आल्यावर मी जेवले नाही, तू विचारलंस, मी डोकं दुखतंय म्हणाले. ते डोकं नव्हतं दुखत.

बाबा, खरं तर हे तुम्हीच लावलेलं आहे. तुम्ही मुंबईच्या रातराणीवर होतात तेव्हा प्रवाशांनी सीटवर सोडलेले पेपर घडी घालून तिकिटाच्या पेटीखाली आणायचात. त्यांना चिवड्याचा वास यायचा, मी फरशीवर पालथी पडून वाचायची आणि आई ओरडायची की डोळे जातील. दुसरीत होते बहुतेक, मी विचारलेलं, "बाबा, ह्यात आपली सांगली का नाही?" तुम्ही म्हणालात, ती मुंबईची आवृत्ती, आपली वेगळी निघते. मी म्हटलं मग आपलं त्यांना कळतं कसं, तर तुम्ही बूट काढता काढता म्हणालात, "कळत नाही." तुम्हाला आठवत नसेल. मला तो दिवस तुमच्या बुटाच्या नाडीसकट आठवतो.

आणि मग २०१९ चा पूर. मला माहितीये आई तो विषय काढलेला तुला आवडत नाही, पण एकदाच काढते. गावभागात पाणी शिरलं, मारुती चौक गेला, आणि मावशीकडे पोचेपर्यंत टीव्हीवर बघायला जावं तर सगळीकडे ३७० कलम, कारण ५ ऑगस्टलाच ते झालेलं. ती बातमी मोठीच होती, मी नाही म्हणत नाही. पण आपण विश्रामबागला दहा माणसं एका खोलीत, आणि आपल्या घरात पाणी किती हे सांगणारं कोणी नाही. त्याच्या आदल्या रात्रीचं तर तुला माहितीच आहे. ग्रुपवर धरण फुटल्याचा मेसेज आला, लाइट नव्हती, सगळी गल्ली ओरडत सुटली आणि तू अंधारात जिना उतरताना घसरलीस. कुठलंही धरण फुटलं नव्हतं आई. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाणी पुढे ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५, ते खरं होतं आणि तेवढंच पुरे होतं. तुझा गुडघा पाण्याने नाही गेला, त्या मेसेजने गेला. गेली कितीतरी वर्षं तू देवघरासमोर खुर्ची ठेवून पूजा करतेस आणि मी दर वेळी तेच मनात म्हणते.

आणि बाबा, तो पोरगा आठवतो का? मावशीच्या घराजवळच्या शाळेतल्या कॅम्पमध्ये यायचा, वार्ताहर होता, पायात चप्पल नाही, भिजलेली वही. पाटबंधारेच्या ऑफिसातून आयर्विनची पातळी आणि कोयनेतून किती क्युसेक सोडलं ते विचारून आणायचा आणि शाळेच्या फळ्यावर खडूने लिहायचा, वेळ घालून. लोक मोबाईल ठेवून फळ्यासमोर उभी राहायची. ब्रह्मनाळची बोट उलटली त्या दिवशी किती माणसं गेली तो आकडा त्याने लिहिलाच नाही, म्हणाला अजून नक्की नाही, नक्की झाल्यावर लिहितो. तुम्ही त्या दिवशी जेवला नव्हतात, पण रात्री एवढंच म्हणालात, "हा पोरगा भारी काम करतोय." मला ते काम करायचंय बाबा. एवढंच आहे सगळं. बाकी मी जे लिहितेय ते तुम्ही काळजी करू नये म्हणून.

तुम्ही म्हणाल त्यात दोन वर्षं शिकायचं काय, लिहिता येतं की तुला. लिहिता येणं वेगळं. कागद कुठून मिळवायचा, २००५ च्या माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर अपील कुठे, कोर्टातली केस लिहिताना काय लिहायचं नाही, ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याला प्रश्न कसा विचारायचा आणि कधी विचारायचाच नाही, फिरणारा फोटो कुठल्या वर्षीचा कुठल्या गावचा ते कसं शोधायचं, पेपर चालतो कुणाच्या पैशावर, आणि शेवटी स्वतःचं संशोधन. मी मनात विषयही ठरवलाय, पुराच्या वेळी नदीकाठच्या गावांना खरी माहिती कुठून मिळाली आणि किती उशिरा. हा विभाग १९६४ पासून आहे, कालपरवा निघालेला क्लास नाही, आणि विद्यापीठाचाच असल्याने फी खाजगी कॉलेजसारखी नाही. मूकनायक पेपराचं तर तुम्हीच मला सांगितलंय, १९२० ला शाहू महाराजांनी बाबासाहेबांना अडीच हजार रुपये दिले म्हणून. आणि बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ ला दर्पण काढलं तेव्हा एकाच पानावर एका रकान्यात मराठी आणि शेजारच्या रकान्यात इंग्रजी छापायचे, म्हणजे आपलं म्हणणं साहेबालाही कळावं. हे वाचलं तेव्हा मला तुमचं ते "कळत नाही" आठवलं.

आता पैशाचं. पगार सुरुवातीला बँकेपेक्षा कमी असेल, हे मी लपवत नाही. पण एमएनंतर नेटची परीक्षा देऊन कॉलेजात शिकवताही येतं, म्हणजे दार एकच नाहीये. बाबांची ती पीएफची पेन्शन किती येते हे मला माहितीये, म्हणून मी आधी तुमचं बाजूला काढलंय आणि मग माझं. आईच्या खात्यावर दर महिन्याच्या ५ तारखेला आठ हजार जमा होतील, दोन वर्षं, ते मी लावून ठेवलंय, माझ्या शिकण्याशी त्याचा संबंध नाही. त्याला हात लावायचा नाही म्हणून साठवत बसू नका, ते गोळ्या, गॅस, लाइटबिल आणि दुधासाठीच आहेत. लग्नाचं म्हणाल तर आई, त्यावर दिवाळीला बोलू, मी नाही म्हणत नाहीये.

माझं इथे नीट चाललंय. सदाशिव पेठेत तिघी मिळून खोली घेतलीये, एक लातूरची, एक चिपळूणची. खिडकीला जाळी आहे, गीझर आहे, मालकीणबाई रात्री दहाला गेट लावतात त्यामुळे बाबांनी झोप घालवू नये. डब्यात चपाती-भाजी असते, भाकरी मिळत नाही पण मी तवा आणलाय आणि ज्वारीचं पीठ संपत आलंय एवढं सांगते. भरलं वांगं केलं परवा, तुझ्यासारखं नाही झालं. आणि महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे महिन्यातून एकदा स्वारगेटवरून येतेच, बाबांना वाटायला नको की पोरगी खासगी ट्रॅव्हल्सने फिरतेय.

आता मी सांगते ते ऐकायचं, दोघांनीही. आयर्विनला पाणी ३५ फुटांवर गेलं की मावशीकडे निघायचं, ४० ची वाट बघायची नाही, "आत्ता बघू" म्हणायचं नाही. कागदपत्रांची निळी पिशवी कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे, झेरॉक्स मी माझ्याकडे ठेवल्यात. ग्रुपवर काहीही आलं तर आधी मला पाठवा, मी विचारून सांगते, रात्री दोन वाजले तरी. आई, तीन महिन्यांची शुगर बघायची तारीख २२ आहे, चहात साखर घालून मग गोळी घेते असं चालणार नाही, आणि गुडघ्याचे व्यायाम बारक्याला समोर बसवून करायचे. बाबा, तंबाखूची पुडी खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीमागे असते हे मला सहावीपासून माहितीये. ती काढा. रागावून नाही सांगत, त्या दिवशी तोंडातला फोड दाखवलात तेव्हापासून मला झोप लागत नाहीये, एकदा डॉक्टरांना दाखवून या, मी काकांना सांगून ठेवलंय, ते सोबत येतील.

रागावला असाल तर रागवा, फोन मात्र उचला. मी रविवारी सकाळी करते, आई तेव्हा देवपूजा झालेली असते.

आणि बाबा, आपल्याकडचे पेपर, सांगलीच्या पुरवणीसकट, रद्दीत घालू नका. आठवड्याचे बांधून पुण्याच्या गाडीवर तुमच्या ओळखीचं कोणी असेल त्याच्याकडे द्या, मी स्वारगेटला येऊन घेईन. सोबत पीठ पाठवलंत तर पिशवी वेगळी करा, पेपरला सांडतं.

तुमची,
माई