डाकसेवकाच्या रजेत नोकरीची वर्षेही मोजा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

माझे वडील ग्रामीण डाकसेवक होते, म्हणजे गावच्या शाखा डाकघरात रोज काही तास काम करणारे, टपाल खात्याचे पण नियमित कर्मचाऱ्यांत न धरलेले सेवक. वयाच्या 65व्या वर्षी ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नोकरीला 39 वर्षे झाली होती. त्यांच्या जागी आता एक तरुण मुलगी आली आहे, हुशार आहे, गावात तिचं चांगलं नाव आहे. रुजू झाल्यावर तिने वडिलांना विचारलं, "काका, रजा किती मिळते?" वडील म्हणाले, "जानेवारीत दहा, जुलैत दहा. मला शेवटच्या वर्षीही तेवढीच होती." त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. पण मला ते वाक्य विसरता आलं नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

वर्षाला 20 दिवस पगारी रजा. पहिल्या वर्षी 20 आणि 39व्या वर्षीही 20. मधल्या काळात माणसाचे गुडघे जातात, नजर अधू होते, घरात आजारी आईवडील असतात, मुलींची बाळंतपणं येतात. रजेच्या हिशेबात यातलं काहीच धरलेलं नाही. 2018 पासून तातडीच्या कामासाठी वर्षाला 5 दिवसांची वेगळी रजा मिळू लागली, ती चांगलीच सुधारणा आहे. पण तीही जुन्या-नव्या सर्वांना सारखीच.

यावर कुणी म्हणेल की खात्याच्या नियमित कर्मचाऱ्यांची रजासुद्धा नोकरीच्या वर्षांप्रमाणे वाढत नाही. बरोबर आहे. शहरातल्या पोस्टमनला पहिल्या वर्षापासून वर्षाला 30 दिवस अर्जित रजा आणि 20 दिवस अर्धपगारी रजा मिळते, नैमित्तिक रजा वेगळी. पण त्याची अर्जित रजा साठते, 300 दिवसांपर्यंत, आणि उरलेल्या रजेचे पैसे निवृत्तीच्या वेळी हातात पडतात. म्हणजे त्याने घातलेली वर्षे रजेच्या खात्यावर जमा होत जातात. मोठं दुखणं आलं तर त्याला त्या साठ्याचा आधार असतो. माझ्या वडिलांची न घेतलेली रजा बुडाली. ते एका वहीत पगाराची, पिकाची आणि रजेची नोंद ठेवत. त्या वहीत एका वर्षासमोर "रजा 4 घेतली, 16 बुडाली" असं लिहिलेलं आहे. अशा नोंदी पुष्कळ आहेत.

मग ते रजा घेत का नव्हते? हा प्रश्न मला शहरातल्या मैत्रिणी विचारतात, आणि खरं दुखणं इथेच आहे. डाकसेवकाला रजा हवी असेल तर आधी बदली माणूस शोधावा लागतो. आमच्या घरी हे काम माझ्या चुलतभावाकडे होतं. तो बारावीला असताना वडिलांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली होती. डॉक्टरांनी तारीख दिली, पण भावाची परीक्षा त्याच आठवड्यात होती आणि दुसरा कुणी तयार होईना. वरच्या कार्यालयात विचारलं तर उत्तर आलं, माणूस द्या आणि खुशाल जा. शस्त्रक्रिया दोन महिने पुढे गेली. ते दोन महिने वडील एका डोळ्यावर भिस्त ठेवून मनीऑर्डरचे आकडे वाचत होते. अर्जाचा कागद माझ्या डोळ्यांसमोर फाईलमध्ये पडून होता आणि रजा शिल्लकही होती, तरी घेता येत नव्हती.

तेव्हा निदान कुणीही चारचौघांतला माणूस थैली घेऊन जाऊ शकत होता. आता शाखा डाकघरात हातातलं यंत्र आलं आहे. सुकन्या समृद्धीचे हप्ते, आवर्ती ठेवी, 2018 मध्ये सुरू झालेल्या पोस्ट पेमेंट्स बँकेचे व्यवहार, अंगठा लावून निराधार योजनेचे पैसे काढणं, सगळं त्यावर चालतं. घरातल्या भाच्या-पुतण्याला उभं करून भागणार नाही. शेजारच्या गावच्या डाकसेवकावर दोन गावांचा भार टाकला, तर त्याची रजा अडते. म्हणजे काम जसं अवघड होत गेलं, तशी रजा घेणंही अवघड होत गेलं.

"चार-पाच तासांची तर नोकरी, शेतीही असते, रजा कशाला लागते एवढी?" असं आमच्या नात्यातल्या एका सुशिक्षित माणसाने तोंडावर विचारलं होतं. उत्पन्नाचं दुसरं साधन हवं ही अट खात्याचीच आहे. सकाळी शेत, मग डाकघर, मग वाड्यावस्त्यांवर टपाल, आणि पावसाळ्यात ओढा उतरण्याची वाट बघत बसणं. कामाचे तास मोजताना तो वेळ कुठेच धरला जात नाही. शेतात गेलेल्या माणसाने सुट्टी उपभोगली असं ज्याला वाटतं, त्याने एक दिवस कोळपणी करून पाहावी.

नोकरीची लांबी आणि रजा यांची सांगड ही काही माझी कल्पना नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1936 च्या पगारी सुट्टीविषयीच्या करारातच (क्रमांक 52) म्हटलं आहे की नोकरीच्या काळाबरोबर वार्षिक सुट्टी वाढत जावी. अमेरिकेच्या टपाल खात्यात हे प्रत्यक्ष चालतं. कायम कर्मचाऱ्याला पहिली तीन वर्षे वर्षाला 13 दिवस, तीन ते पंधरा वर्षांपर्यंत 20 दिवस आणि पंधरा वर्षांनंतर 26 दिवस रजा मिळते. नवख्याला मिळते त्याच्या दुप्पट रजा जुन्या माणसाला. तिथली परिस्थिती वेगळी आहे, पगार वेगळे आहेत, हे मान्य. पण पंधरा वर्षे टपाल वाहिलेल्या माणसाला जास्त विश्रांती लागते, ही समज कुठल्याही देशात सारखीच असायला हवी.

आणि आपल्याकडेही हा विचार मान्य झालेला आहे, फक्त पैशांपुरता. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने डाकसेवकांना 12, 24 आणि 36 वर्षांच्या सेवेनंतर वर्षाला अनुक्रमे 4320, 5520 आणि 7200 रुपयांची वाढ देण्याची योजना जाहीर केली. पहिल्या टप्प्याचे महिन्याला 360 रुपये होतात. रक्कम लहान आहे, तरी मला ती योजना महत्त्वाची वाटते, कारण दीर्घ सेवेची दखल घ्यायला हवी हे सरकारने त्यात लिहून दिलं. मग तीच 12, 24, 36 ची पायरी रजेला का लावू नये? 12 वर्षांनंतर 24 दिवस, 24 वर्षांनंतर 27 आणि 36 वर्षांनंतर 30. नियमित कर्मचाऱ्याला पहिल्या वर्षी जेवढी अर्जित रजा मिळते, तेवढी डाकसेवकाला 36 वर्षांनंतर मिळावी, एवढीच ही मागणी आहे. मला ती अवास्तव वाटत नाही.

दुसरी मागणी रजा साठवण्याची. पगारी रजा 180 दिवसांपर्यंत साठवू द्यावी आणि तिचे पैसे मिळावेत, ही मागणी डिसेंबर 2023 मध्ये डाकसेवकांनी संप केला तेव्हाही त्यांच्या यादीत होती. डाकसेवकांच्या वेतन आणि सेवाशर्तींसाठी नेमलेल्या कमलेश चंद्र समितीच्या चांगल्या शिफारशी पूर्ण लागू करा, असं ते म्हणत होते. समितीचा अहवाल 2016 चा आहे. तो आला तेव्हा पन्नाशीत असलेले डाकसेवक आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत, आणि त्यांच्या बाबतीत प्रत्येक वर्षाचा उशीर भरून न येणारा आहे.

तिसरी गोष्ट मी मागणीच्या क्रमात शेवटी लिहिते आहे, पण माझ्या मते तीच सर्वांत आधी व्हायला हवी. बदली माणसाची जबाबदारी खात्याने घ्यावी. दर उपविभागात यंत्र चालवायचं प्रशिक्षण घेतलेले दोन-तीन राखीव सेवक असावेत, आणि रजेचा अर्ज आला की त्यांच्यापैकी एकाने त्या गावी जावं. हे झालं नाही तर 20 दिवसांचे 30 केले काय आणि 40 केले काय, वहीत "बुडाली" हा शब्दच लिहिला जाईल.

आपल्या देशात डाकसेवक अडीच लाखांहून अधिक आहेत. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजम्मा खटल्यात त्यांचं पद सरकारी सेवेतलं नागरी (सिव्हिल) पद असल्याचं मान्य केलं, पण केंद्रीय वेतन आयोगाच्या कक्षेत त्यांना घेतलं गेलं नाही. त्यांच्यासाठी दर वेळी वेगळी समिती नेमली जाते. आता आठव्या आयोगानंतर पुन्हा तशी समिती बसली, तर तिच्या कार्यकक्षेत रजा हा विषय ठळकपणे असावा, आणि समितीने शाखा डाकघरांत जाऊन जुन्या सेवकांच्या रजेच्या नोंदी पाहाव्यात, अशी माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे. वडिलांची वही मी जपून ठेवली आहे. समितीला हवी असेल तर मी स्वतः घेऊन येईन.

आपली नम्र,
एका निवृत्त डाकसेवकाची मुलगी