तिसऱ्या डिग्रीविषयी मुक्ताला पत्र

पुणे

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एडिंबराजवळच्या रॉसलिनच्या चॅपलबद्दल भरभरून बोललीस आणि शेवटी एकदम विचारलंस, "बाबा, त्या खांबाची गोष्ट आणि तुमच्या लॉजमधली खुनाची गोष्ट एकच का?" तेवढ्यात तुझी बस आली आणि बोलणं तुटलं. बरंच झालं. हा विषय दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही, आणि तुझ्याशी तो नीट बोलावा असं मला कधीपासून वाटत होतं.

आधी एक सांगून टाकतो. आमच्या फ्रीमेसन बंधुमंडळात दीक्षा पायरीपायरीनं मिळते. त्या पायऱ्यांना डिग्री म्हणतात आणि मंडळाच्या प्रत्येक शाखेला लॉज. तिसऱ्या डिग्रीतल्या खुणा आणि शब्द मी तुला सांगणार नाही. इंटरनेटवर ते कुणालाही सापडतील, तरी मी ते न सांगण्याचा शब्द दिलाय आणि तो पाळणार. बाकी गोष्ट, तिचा अर्थ, ती कुठून आली, यात लपवण्यासारखं काही नाही. लंडनमध्ये हे सगळं १७३० सालीच छापून बाजारात आलं.

तर गोष्ट अशी. जेरुसलेममध्ये राजा सॉलोमनचं मंदिर पुरं होत आलंय. कामावरचा मुख्य कारागीर हिरम अबिफ. मास्टरच्या हुद्द्याची जी गुपितं आहेत ती त्याच्याकडे. पंधरा फेलो क्राफ्ट, म्हणजे मधल्या पायरीवरचे कारागीर, कट करतात की ती त्याच्याकडून काढून घ्यायची, वेळ पडली तर बळजबरीनं. बाराजण आयत्या वेळी माघार घेतात. उरलेले तिघं मंदिराच्या तीन दारांवर दबा धरून बसतात. भर दुपारी बाराला हिरम नेहमीसारखा प्रार्थनेला आत गेलेला असतो. तो दक्षिणेच्या दारानं निघतो तर पहिला अडवतो. हिरम सांगतो, हे असं मिळत नाही. धीर धर, काम कर, योग्य वेळी मिळेल. त्याच्या कानशिलावर ओळंब्याच्या पट्टीचा घाव बसतो. तो उत्तरेकडे धडपडत जातो, तिथं दुसरा लेव्हलनं, म्हणजे पातळी तपासायच्या अवजारानं, मारतो. रक्तबंबाळ होऊन पूर्वेच्या दाराशी पोचतो तर तिसऱ्याच्या हातात घण. त्या घावानं तो कोसळतो.

मारेकरी प्रेत डोंगरात पुरून टाकतात. सॉलोमन शोधाला माणसं पाठवतो. त्यातला एकजण दमून बसतो आणि उठताना आधाराला एक झुडूप धरतो. ते मुळासकट हातात येतं. कुणीतरी नुकतंच खोवलेलं. खालची माती भुसभुशीत. हीच ती अकेशियाची डहाळी, आपल्या बाभळीच्या जातकुळीतली. पुढे प्रेत वर काढायला जातात. पहिल्या पायरीच्या हस्तांदोलनानं उचलून बघतात, हात निसटतो. दुसऱ्या पायरीच्या रीतीनं बघतात, तरी निसटतो. मग लॉजचा प्रमुख, म्हणजे मास्टर, स्वतः पुढे होतो आणि पावलाला पाऊल, गुडघ्याला गुडघा, छातीला छाती भिडवून, हातात हात घेऊन, दुसरा हात पाठीवर टाकून त्याला उभा करतो. डिग्री घेणारा माणूस या सगळ्यात हिरमच्या जागी असतो. पाडला जातो तोच आणि उचलला जातो तोही तोच.

तुझ्या डोळ्यासमोर आत्ता मंदिर आणि कारागीर आले असतील, म्हणून सांगतो: बायबलमध्ये हा खून नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकात हिरम आहे. टायर गावचा, नफ्ताली वंशातल्या विधवेचा मुलगा, पितळकामात निष्णात. मंदिराच्या ओसरीपुढचे याखिन आणि बोआज हे दोन खांब त्यानं ओतले, प्रत्येकी अठरा हात उंच. काम पुरं करून तो कथेतून बाहेर पडतो. त्याला कुणी मारत नाही.

मग खून आला कुठून? ते शोधायला तू अगदी योग्य गावी आहेस. एडिंबराला विल्यम शॉ नावाचा राजाचा बांधकामप्रमुख होता. त्यानं १५९८ आणि १५९९ मध्ये गवंड्यांच्या लॉजसाठी नियम घालून दिले. त्यात शिकाऊ आणि पुरा कारागीर एवढ्या दोनच पायऱ्या. मेरीज चॅपल या तिथल्या लॉजचं १५९९ पासूनचं इतिवृत्त अजून शाबूत आहे. एडिंबराच्याच जनरल रजिस्टर हाऊसमध्ये १६९६ सालचा एक कागद सापडला, प्रश्नोत्तरांच्या रूपातला. त्यात बंधुत्वाचे पाच मुद्दे आहेत: पावलाला पाऊल, गुडघ्याला गुडघा, हृदयाला हृदय, हाताला हात, कानाला कान. हिरमच्या खुनाचा मात्र पत्ता नाही.

पुढे १७१७ मध्ये लंडनच्या एका दारूगुत्त्यात चार लॉज एकत्र येऊन ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजवरची संस्था, स्थापन झाली. १७२३ ची त्यांची घटनाही दोनच पायऱ्या धरून चालते. तिसरी दिल्याची सर्वांत जुनी नोंद १७२५ ची, लंडनच्याच एका संगीतप्रेमी मंडळाच्या वहीतली. त्यानंतर १७२६ चं ग्रॅहम हस्तलिखित येतं, आणि ते मला या सगळ्या शोधातलं सर्वांत विलक्षण पान वाटतं. त्यात थडगं आहे, पण हिरमचं नाही, नोहाचं! शेम, हाम आणि याफेथ हे तिघं मुलगे बापाबरोबर गेलेलं गुपित शोधायला त्याच्या थडग्यावर जातात. बोट धरतात, ते सुटून येतं. मनगट धरतात, तेही सुटतं. कोपर धरतात, तसंच. शेवटी पावलाला पाऊल, गुडघ्याला गुडघा, छातीला छाती, गालाला गाल लावून, पाठीवर हात टाकून ते बापाला उभं करतात. आणि अवघ्या चार वर्षांनी, १७३० मध्ये, सॅम्युएल प्रिचर्ड नावाच्या माणसानं पुस्तिका काढून लॉजची सगळी प्रश्नोत्तरं चव्हाट्यावर आणली. त्यात पहिल्यांदा हिरम, तीन मारेकरी आणि तिसरी डिग्री पुरी दिसते.

मी हे सारं मुद्दाम क्रमानं लिहिलं. आमच्यातले काही बंधू अजून सांगतात की ही डिग्री थेट सॉलोमनपासून चालत आली, कुणी तिचा संबंध मध्ययुगातल्या धर्मयुद्धांमधल्या टेम्पलर शूरांशी जोडतो. मला ते पटत नाही आणि त्याची गरजही वाटत नाही. कागद पाहिले की दिसतं, ते पाच मुद्दे आधीचे आहेत आणि गोष्टी मागाहून त्यांना येऊन चिकटल्या. आधी नोहा, मग हिरम. माझ्या मते डिग्रीचा गाभा त्या उचलण्यात आहे. खून आणि हरवलेला शब्द हे त्या क्षणापर्यंत पोचवणारे रस्ते.

आता रॉसलिन. चॅपलची उभारणी १४४६ ला सुरू झाली, म्हणजे तिसऱ्या डिग्रीच्या पावणेतीनशे वर्षं आधी. तिथली गोष्ट तू ऐकलीसच: उस्ताद परदेशी गेला असताना शिकाऊ पोरानं अप्रतिम खांब कोरला आणि परत आलेल्या उस्तादानं मत्सरानं त्याला हातोड्यानं मारलं. आमच्या गोष्टीत नेमकं उलटं आहे. खालचे वरच्याला मारतात, तेही मत्सरानं नव्हे, घाईनं. त्यांना मास्टर व्हायचंय, पण काम पुरं करून नाही. दोन्ही गोष्टी चुलतबहिणी असतील, पण एक म्हणता येणार नाही.

मारायला वापरलेली अवजारं बघ. ओळंबा आणि लेव्हल दुसऱ्या डिग्रीत शिकवायला असतात: ओळंबा सरळ वागण्याचा, लेव्हल सगळे सारखे असल्याचा. तीच तिसऱ्या डिग्रीत हत्यारं होतात. आयुष्यभर साइटवर ओळंबा आणि लेव्हल हाताळलेल्या माणसाला हे फार लागतं, मुक्ता.

माझ्या तिसऱ्या डिग्रीच्या संध्याकाळी पूर्वेकडची एक मेणबत्ती सोडून सगळे दिवे मालवले होते. शेजारी कोण उभं आहे तेही कळत नव्हतं. मग उजेड झाल्यावर ट्रेसिंग बोर्ड दाखवला, म्हणजे त्या डिग्रीचा चित्रफलक. काळ्या पार्श्वभूमीवर शवपेटी, तिच्या झाकणावर कवटी आणि फुलीसारखी ठेवलेली दोन हाडं, डोक्याशी अकेशियाची डहाळी, खाली ती तीन अवजारं. मधोमध एक ओसरी, काळ्या-पांढऱ्या फरशीची, आणि आतल्या गाभाऱ्याचा किंचित बाजूला सरलेला पडदा. पहिल्या डिग्रीत जन्म, दुसरीत शिक्षण आणि तिसरीत मरण, असा क्रम आहे. आपलं मरण आपल्या डोळ्यांनी पाहण्याची भाषा तुझ्या आजोबांच्या भजनांत लहानपणापासून ऐकली होती, त्यामुळे मला ते परकं वाटलं नाही. डिग्री एवढंच म्हणते की मरण येणारच आहे, तर हातातलं काम असं कर की त्या वेळी लाज वाटू नये. आणि खोटेपणाचा डाग मरणापेक्षा वाईट.

पाच मुद्द्यांचे अर्थही त्याच संध्याकाळी सांगतात. हातात हात म्हणजे भाऊ म्हणून ओळख देणं. पावलाला पाऊल म्हणजे त्याच्या चांगल्या कामात पाय मागे न घेणं. गुडघा प्रार्थनेत त्याची आठवण ठेवण्यासाठी, छाती त्यानं विश्वासानं सांगितलेलं जपण्यासाठी. पाचवा मला सर्वांत अवघड वाटतो: पाठीवरचा हात. तो समोर नसताना त्याच्या नावाला धक्का लागू न देणं.

याचा प्रसंग लवकरच आला. एका पुलाच्या कामावर माझ्या बरोबरीच्या इंजिनिअरनं मेजरमेंट बुकात सही करायला नकार दिला. मार्चअखेर होती, बिल काढायची घाई होती, आणि स्लॅबच्या क्यूबचे २८ दिवसांचे रिपोर्ट, म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची तपासणी, यायचे होते. तो म्हणाला, रिपोर्ट आले की सही करतो. त्याच्यावर वरून दडपण आलं, मग आणखी वरून. तो तेच बोलत राहिला. तो लॉजमधला नव्हता, त्याला हिरम कोण हेही माहीत नसेल. कॅन्टीनमध्ये मात्र त्याच्या पश्चात सुरू झालं, की याला वाटा कमी पडला असणार. मी तिथंच सांगितलं की मी साइटवर होतो, रिपोर्ट आलेले नाहीत, आणि त्याचं बरोबर आहे. सगळे गप्प झाले. त्याची बदली व्हायची ती झालीच. पण डिग्रीत जे पाठ म्हणून ऐकलं होतं ते मला त्या टेबलाशी कळलं. म्हणूनच कुणी लॉजला नुसतं जेवणावळीचं ठिकाण म्हटलं की मला वाईट वाटतं.

हरवलेल्या शब्दाचं थोडक्यात सांगतो. हिरमबरोबर खरा शब्द गेला, आणि मास्टर मेसनला जे मिळतं ते बदली गुपित असतं, हे डिग्री स्वतःच उघड सांगते. सर्वोच्च पायरीवर आणून माणसाला "खरं अजून सापडलेलं नाही, शोध चालू ठेव" असं सांगणारी परंपरा मला प्रामाणिक वाटते.

तू मागे एकदा विचारलं होतंस की इंग्रजांच्या या मंडळात आपली माणसं कशी गेली. सहज नाही गेली. माणकजी कर्सेटजी या मुंबईच्या पारशी गृहस्थांना मुंबईत आणि इंग्लंडमध्ये नकार मिळाला, तेव्हा त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. मग १८४३ मध्ये जेम्स बर्न्स या स्कॉटिश डॉक्टरनं मुंबईत रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया ही लॉज खास हिंदुस्थानी लोकांसाठी काढली. हिंदूंचं त्यानंतरही अडलं होतं. अनेक देव मानणाऱ्याला एका परमेश्वराची शपथ कशी देणार, हा वाद कलकत्त्यात कैक वर्षं चालला आणि १८७२ मध्ये प्रसन्नकुमार दत्त यांना प्रवेश मिळून मिटला. आज आमच्याकडे गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, ग्रंथसाहिब शेजारी शेजारी उघडे असतात. मी शपथ गीतेवर घेतली, माझ्या शेजारच्यानं कुराणावर.

त्याच माणकजींनी १८६३ मध्ये मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली. हे आठवलं की तुझा शाळेतला प्रश्न समोर येतो: "मग मला का नाही?" तुला तेव्हा मी "नियम आहे" एवढंच सांगितलं होतं. नियम आजही आहे. मला तो पटत नाही, आणि लॉजमध्ये मी तसं बोलतो. हिरमची ओळख बायबलनं विधवेचा मुलगा म्हणून करून दिली, संकटातल्या मेसनला विधवेचा मुलगा म्हणतात, जुन्या स्कॉटिश लॉजच्या पेटीतले पैसे गवंड्यांच्या विधवांना जात. एवढं सगळं तिच्या नावानं चालतं आणि ती बाई खोलीत नाही, हे मला खटकतं.

बाहेर मात्र रस्ता निघालाय. फ्रान्समध्ये मारिया देरॅम हिला १८८२ मध्ये एका लॉजनं दीक्षा दिली. तिनं १८९३ मध्ये बायका आणि पुरुष दोघांची मिळून संघटना उभी केली. अॅनी बेझंट १९०२ मध्ये तीत दाखल झाल्या आणि त्यांनी ती इंग्लंडला आणि आपल्याकडे आणली. इंग्लंडमध्ये फक्त बायकांच्या लॉजही आहेत, आणि त्यांचं काम नियमाला धरून चालतं हे १९९९ मध्ये इंग्लंडच्या ग्रँड लॉजनंही मान्य केलं. त्यांच्याकडेही तिसरी डिग्री हीच, हिरम हाच. तुला कधी वाटलं तर चौकशी कर. माझा आग्रह नाही आणि हरकत तर मुळीच नाही.

एक काम मात्र कर. जनरल रजिस्टर हाऊस प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाला आहे, तुझ्या वाटेवरच. तिथं जाऊन १६९६ चा तो कागद बघायला मिळतो का, नाहीतर त्याची प्रत मिळते का, विचार. मिळाली तर पाच मुद्द्यांची ती ओळ जशीच्या तशी, त्यांच्या जुन्या स्पेलिंगसकट, उतरवून पाठव. मी ती आजवर छापील पुस्तकांतूनच वाचली आहे.

तुझा,
बाबा