वृंदगानाला सकाळची सत्रे द्या

महाशय,
संगीतकार वसंत देसाईंनी ‘एक सूर एक ताल’ उपक्रमात शाळाशाळांतल्या मुलांकडून समूहगीते गाऊन घेतली, संगीतकार सलील चौधरींनी बॉम्बे यूथ क्वायर हा गायकवृंद उभा केला. आज वस्तीपातळीवरच्या तरुण वृंदगान पथकांची बरीच शक्ती स्मरणिकेच्या जाहिराती मिळवण्यात आणि देणगी प्रवेशिका खपवण्यात जाते. घेणारे कोण, तर गाणाऱ्यांचेच काका-मावशी! जमलेले पैसे नाट्यगृहाचे भाडे आणि ध्वनिव्यवस्था गिळतात. त्यात मुलगे मिळत नाहीत. आवाज फुटला की पोरगा तालमीला यायचा बंद होतो. खरे तर खालच्या पट्टीतली ओळ धरायला तोच हवा असतो. पालिकांनी नाट्यगृहांतली रिकामी सकाळची सत्रे या पथकांना सवलतीत द्यावीत. आणि नवी मुले घेताना ‘गाण्याच्या किती परीक्षा झाल्या?’ हे विचारणे पथकांनीही थांबवावे.
– एक पालक, ठाणे