जुनी फटफटी लांब जाते, आधी रबर बदला

मा. संपादक,

दिवाळी आटोपून कापसाचे दोन वेचे झाले की आपल्याकडची पोरं जुन्या गाड्या काढतात आणि चार-पाच जण मिळून निघतात. कुणी चिखलदऱ्याला, कुणी लोणारला, तर कुणी पांढरकवड्यावरून पैनगंगा ओलांडून थेट कन्याकुमारीला. समृद्धी महामार्गावर दुचाकीला मनाई आहे, त्यामुळे जायचं ते जुन्याच रस्त्यांनी. वाटेत गाडी बंद पडली की घरचे म्हणतात, "भंगार घेऊन गेलेच कशाला?" हे बोलणं गाडीवर अन्याय करणारं आहे. नव्वदच्या दशकातली स्प्लेंडर, यामाहाची आरएक्स किंवा त्याहून जुनी बुलेट नीट ठेवली असेल तर आजही दिवसाला अडीचशे किलोमीटर जाते. तिला थांबवतात त्या किरकोळ किमतीच्या वस्तू, आणि त्या घरूनच बदलून निघायच्या असतात.

सगळ्यात आधी रबर. आता पंपावर मिळतं ते ई-२० पेट्रोल, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. एप्रिल २०२३ आधीच्या बहुतेक गाड्यांचं रबर त्यासाठी बनवलेलंच नाही. पेट्रोलची नळी फुगते, मऊ पडते आणि मग तडकते. पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल फ्लोटची पिन अडवते; तिचं टोक खराब झालं की कार्बोरेटर ओव्हरफ्लो मारतो. टाकीच्या तळाचा गाळ सुटतो आणि जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, जाऊन बसतो. म्हणून टाकी उतरवून धुवा. नळी, कॉकचे (टाकीखालच्या तोटीचे) वायसर आणि फ्लोटची पिन नवी टाका. इथेनॉल हवेतली ओल धरतं, तेव्हा पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीतलं पेट्रोल वापरूच नका. त्यात पाणी खाली बसलेलं असू शकतं आणि कॉक नेमका तळातूनच ओढतो.

जेटचा विषय याच्याशीच जोडलेला आहे. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते. जेट तोच ठेवला तर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन गरम धरतं. तपासायची रीत सोपी आहे. प्रवासाच्या वेगाने दहा किलोमीटर चालवा, चालत्या गाडीत क्लच दाबून इंजिन बंद करा, बाजूला थांबा आणि प्लग काढून पाहा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढरा दिसला तर मेन जेट एक नंबर मोठा टाका, काळी काजळी असेल तर एअर फिल्टर आधी साफ करा. आरएक्स, यझदी, राजदूत अशा टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलसोबत ऑइलही जाळणाऱ्या, गाड्यांना हे फारच महत्त्वाचं, कारण त्यांचा पिस्टन लीन मिश्रणात जाम होतो. चढावर इंजिनचा आवाज एकदम दबला, गाडी कुणी मागे ओढल्यासारखी वाटली की त्याच क्षणी क्लच दाबायचा, कडेला घ्यायची आणि अर्धा तास थंड होऊ द्यायची. तापलेल्या सिलिंडरवर पाणी कधीच ओतू नये. राजदूत-यझदीत ऑइल टाकीत ओतून गाडी हलवण्यापेक्षा कॅनमध्ये पेट्रोलसोबत आधी मिसळून घ्यावं.

क्लच केबल तुटते ती बहुतेक वेळा लिव्हरजवळच्या गोळीपाशी. रबरी टोपी सरकवून पाहा. एक जरी तार उसवली असेल तर केबल बदला. शिवाय दुसरी नवी केबल चालू केबलच्या शेजारूनच ओढून टेपने बांधून ठेवा. तुटली तर पाच मिनिटांत दोन्ही टोकं अडकवता येतात.

पॉइंटच्या, म्हणजे उघड-मीट करणाऱ्या संपर्कातून प्लगला ठिणगी देणाऱ्या जुन्या गाडीत पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा आणि एक कंडेन्सर, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी आवरणारा छोटा भाग, सोबत घ्या. थंड असताना सुरू होते, तापली की बंद पडते आणि पॉइंटवर मोठी ठिणगी दिसते, तेव्हा बहुधा कंडेन्सरच गेलेला असतो. लोक उगाच कार्बोरेटर खोलत बसतात.

चेन मधोमध वर-खाली वीस ते तीस मिलिमीटर हलली पाहिजे, पण चाक फिरवून जिथे ती सर्वांत ताठ लागते तिथे मोजा. चेनच्या जोडकडीवरच्या लॉकचं उघडं तोंड चेन धावते त्याच्या उलट दिशेला ठेवा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. असा टायर वरून कितीही चांगला दिसो, त्यावर लांब जाऊ नये. स्प्लेंडरची २.७५-१८ ट्यूब कुठल्याही गावात मिळते. जुन्या बुलेटची ३.२५-१९ मिळेलच असं नाही, ती सोबत ठेवा.

रस्त्यावर सर्वांत हळू गाडी पुढे, हत्यारं असलेली शेवटी. तासाभराने थांबा. ऑइल रोज सकाळी सपाट जागेवर पाहा. स्प्लेंडरची ऑइल मोजायची पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची. अंधारात चालवू नका. या दिवसांत कापसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या मागे दिवा नसताना रस्त्यावर असतात आणि जुन्या गाडीचा हेडलाइट तेवढ्या लांबचं दाखवत नाही. यासाठी बैलगाडी-ट्रॅक्टरवाल्यांनाही लाल रिफ्लेक्टर लावायला सांगितलं पाहिजे.

कागदांचं एकच. नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आरसी, विमा आणि पीयूसी राज्याची सीमा ओलांडण्याआधी तपासा.

आपल्या वृत्तपत्रामार्फत दोन मागण्या मांडायच्या आहेत. पंपावरच्या प्रत्येक नोझलवर इथेनॉलचं प्रमाण ठळक मराठीत लिहावं, आणि निदान प्रत्येक तालुक्यात एका पंपावर जुन्या गाड्यांसाठी कमी इथेनॉलचं पेट्रोल मिळावं. शेतकऱ्याच्या घरी हीच जुनी गाडी रोज वावरात आणि बाजाराला जाते, त्यामुळे हा प्रश्न सहलीला जाणाऱ्यांपुरता नाही.

आपला,
एक गॅरेजचालक, ता. केळापूर, जि. यवतमाळ